पाडा झोपला, धाकली जागी

ती झोप मला आजही आठवते. माझी नव्हे, एका अख्ख्या पाड्याची.

निवृत्त झाल्यापासून झोप माझ्यावर रुसली आहे. नोकरीत असताना मी जीपमध्ये झोपलो, ठाण्याच्या बाकावर झोपलो, एकदा तर बंदोबस्तात उभ्या उभ्या डुलकी काढली. आता मऊ गादी आहे, वर पंखा आहे, आणि डोळे टक्क उघडे. शेवटी डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली. ती घेतली की थोड्या वेळाने पाय हलके होतात, भिंती जरा मागे सरकल्यासारख्या वाटतात, आणि त्या अर्धवट जागेपणी मला हटकून सावरीचा कापूस दिसतो. उन्हात तरंगणारा, जमिनीवर टेकायला तयार नसलेला. तो कापूस त्या दिवसाचा आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालघर तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यातच मोडत होतो. आज कोळगावला जिल्ह्याच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा गुरं चरत. बोईसरच्या बाजूला मात्र कारखाने झपाट्याने वाढत होते. तिथल्या ठाण्यावर मी फौजदार होतो. मी देशावरचा, दुष्काळी मुलखातला माणूस. समुद्राची दमट हवा मला सोसत नसे आणि इथली बोली निम्मी कळत नसे. ती उणीव माझा हवालदार भरून काढी. तो दातिवऱ्याचा, कोळ्याच्या घरातला. तंबाखू मळल्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे, आणि मळली की माझ्यापेक्षा चांगलं चाले.

खरी नावं लिहिण्याचा माझा शिरस्ता नाही. ती माणसं असतील तिथे सुखात असोत.

चैत्राच्या सुरुवातीची भर दुपार होती. बेटेगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक लहानसा पाडा आहे. तिथला पोलीस पाटील सायकल रेटत ठाण्यात आला. पाटील जुना माणूस, उगाच धावणारा नव्हे. पाणी प्यायला आणि म्हणाला, "सायब, पाडा झोपलाय."

हवालदार हसला. "दुपारचं झोपनारच, पाटील. आमी पन झोपलो असतो, सायब समोर नसते तर."

"तशी झोप नाय," पाटील म्हणाला. "उठवून उठत नायत. बाया हायत समद्या. नि धाकलीला धरून बांधलीय. भुताळी हाय म्हंतात. तुमी लगेच चला, नायतर ती सांजेपावतर राहात नाय."

भुताळी म्हणजे चेटकीण. या मुलखात हा शब्द एखाद्या बाईला चिकटला की तिचं काय होतं, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, दोन शिपाई घेतले आणि निघालो. वाटेत पाटलाने हकीकत सांगितली.

पाड्यावर एका माणसाचं नवं घर उभं राहत होतं. कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे भिंतीचा सांगाडा, बांधून झाला होता, त्याला माती-शेणाने लिंपायचं होतं. असं काम तिथे मजुरी लावून होत नाही. पाड्यावरच्या बाया येऊन लिंपतात, पुरुष डोंगरावरून लाकूड आणतात, घरधनी खाऊ-पिऊ घालतो. बायांना सकाळी नीरा, पुरुषांना काम संपल्यावर ताडी. ताडाला रात्रभर लावलेलं मडकं ऊन चढायच्या आत उतरवलं, तर त्यात गोड नीरा असते. ऊन लागलं की तीच फसफसते आणि ताडी होते. त्या सकाळी नीरा पिऊन बाया कामाला लागल्या. पुरुष डोंगरावरून परत आले तेव्हा बाया जमिनीवर निजलेल्या होत्या आणि घरधन्याची बहीण तेवढी जागी होती. तिला सगळे धाकली म्हणत, मीही तेच म्हणतो. वय वीसच्या आसपास. लहानपणापासून फेफरं येई, म्हणून लग्न जमलेलं नव्हतं.

आम्ही पोहोचलो आणि मी जीपमधून उतरायचंच विसरलो.

अर्धवट लिंपलेलं घर उन्हात उभं होतं. ओल्या शेणाचा गार वास येत होता. घरापुढच्या खळ्यात, आंब्याच्या सावलीत, दहा-बारा बाया निजल्या होत्या. कुणाच्या हाताला कोपरापर्यंत माती, कुणाच्या मुठीत अजून शेणाचा गोळा. एका म्हातारीच्या ओठांवर हसू होतं, जणू कुणी तिला माहेरची गोष्ट सांगत होतं. पाड्याच्या कडेला सावरीचं झाड होतं, त्याची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर येत होता आणि बायांच्या केसांवर, पापण्यांवर बसत होता. कुणी तो झटकत नव्हतं. कोंबड्यासुद्धा हळू चालत होत्या. नोकरीत मी पुष्कळ प्रेतं पाहिली, त्यांची मला भीती वाटली नाही. ती जिवंत माणसं बघून मात्र वाटली.

एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. सगळ्या बाया एकाच कुशीवर होत्या. डावी कूस, वरचा पाय गुडघ्यात वाकवलेला, तोंड जमिनीकडे कललेलं. झोप आलेलं माणूस कसंही पडतं. इतकी माणसं एकाच ढंगात निजत नाहीत.

धाकली सावरीच्या बुंध्याशी बांधलेली होती. कपाळ फुटलं होतं. रडत नव्हती. जड डोळ्यांनी बायांकडे बघत होती. तिचा भाऊ हातात कोयता घेऊन शेजारी बसला होता. त्याची बायको त्या निजलेल्या बायांत होती. सगळ्यांत गाढ तीच. बाकीच्या बाया चिमटा काढला तर कण्हत तरी होत्या. ही हूं की चूं करत नव्हती आणि तिचा श्वास इतका सावकाश चालला होता की दोन श्वासांच्या मध्ये माझाच जीव वर-खाली होई.

भगत म्हणजे पाड्याचा मांत्रिक. तो पुढे झाला. "आमी आलो तवा ही येकेकीच्या तोंडाशी वाकली व्हती, सायब. तोंडात बोटं घाली. येकीला पलटी, मंग दुसरीला. समद्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ती दम खाती व्हती त्यांचा."

"तुम्ही सगळे ठीक कसे?" मी विचारलं.

"आमी डोंगरावर व्हतो. कालची ताडी नेली व्हती संगती."

म्हणजे ताडी प्यायलेले पुरुष खडखडीत जागे आणि थेंबभर ताडी न प्यायलेल्या बाया बेशुद्ध. दारूबंदीच्या केसेस करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे हे बघून मी जरा चमकलोच.

भाऊ माझ्याकडे न बघता बोलला. "माझी बायको उठली तर ठीक. नाय उठली तर हिला सोडनार नाय. तुमी नेली तरी परत आनावीच लागंल."

त्याला दरडावण्यात अर्थ नव्हता. मी फक्त म्हणालो, "हिला सरकारने ताब्यात घेतलंय. बायको तुझी आणि बहीणही तुझीच, दोघी एकाच दवाखान्यात जातील. तूही चल." पाटलाने कारखान्याकडून येणारा एक रिकामा टेम्पो अडवला. बायांना त्यात घालताना धाकली जीपमधून ओरडली, "उताणी नका निजवू वयनीला. कुशीवर ठेवा."

पालघरच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर विदर्भातले, अंगाने किरकोळ, स्वभावाने शांत. इतकी माणसं एकदम आणली म्हणून ते गडबडले नाहीत. प्रत्येकीच्या पापण्या उघडून बॅटरी मारली, जीभ पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला.

मी माझं ज्ञान पाजळलं. "धोतरा असेल. वाटमारीत चहातून घालतात."

"नाही," ते म्हणाले. "धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बडबडतो, हवेत दोरे ओढतो. या तर किती शांत आहेत बघा. हे झोपेच्या औषधाचं काम दिसतं. कोणतं, ते सांगा मला."

"ते मी कसं सांगू?"

"मग शोधा. बाकीच्या बाया आपोआप उठतील. हिचं मात्र मी सांगू शकत नाही." त्यांनी धाकलीच्या वहिनीकडे बोट केलं.

मग नळी लावता लावता त्यांनी मला समजावलं. मेंदूतल्या पेशी सतत एकमेकींना निरोप धाडत असतात. ही औषधं त्या निरोपांचा आवाज खाली आणतात. थोडासा खाली आणला तर धास्ती जाते, फेफरं थांबतं. आणखी आणला की गुंगी. त्याहून खाली, झोप. आणि तिथेही न थांबता आणखी खाली गेलं, तर श्वास घेण्याचा निरोपसुद्धा ऐकू येईनासा होतो. "औषध तेच असतं, साहेब. माणूस कोणत्या पायरीवर थांबला एवढाच प्रश्न. ऑपरेशनच्या आधी आम्ही स्वतः माणसाला त्या पायऱ्या उतरवतो. पण आम्ही हात धरून उतरवतो आणि शेजारी बसून राहतो."

"उतारा?"

"उतारा नाही. चहा, लिंबू, थोबाडीत मारणं, चालवत नेणं, यांतल्या कशाचा उपयोग नाही. श्वासनळी मोकळी ठेवायची, सलाईन लावायचं, वाट बघायची. एकच आहे. यातल्या एका औषधावर सोडा चालतो. शिरेतून सोडा दिला की लघवीवाटे ते लवकर बाहेर पडतं. पण तेच औषध आहे हे कळायला हवं. दुसरं असेल तर सोड्याने या अवस्थेतल्या बाईला त्रासच व्हायचा."

तेव्हाच त्यांचं लक्ष धाकलीकडे गेलं. ती बाकावर बसली होती, हवालदार तिच्या कपाळाला पट्टी धरून होता. "हिने प्यायली नव्हती का नीरा?"

"प्यायली ना," धाकली म्हणाली. "समद्यांच्या संगती. वाटीभर."

"मग तुला झोप नाही आली?"

"डोकं जड झालं. पन बाया पटापट पडाय लागल्या, मंग निजून कसं चालंल?"

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "तू काही औषध घेतेस का, बाय?"

"फेफऱ्याची गोळी घेते ना. हितूनच देतात. वयनी रोज देते मला, भाकरीसंगती. येक दिस चुकू देत नाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "ती नीरा पन गोळीवानीच कडू लागली. आधी गोड नि मंग जिभंच्या मुळाशी कडू. मी बोलले वयनीला. ती बोलली, चुना जास्ती झाला असंल."

डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सकाळपासून हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसा झाला होता. "साहेब, ही जागी राहिली त्याचं कारण ही गोळी. जे औषध बाकीच्यांना नवं होतं ते हिच्या अंगाला वर्षानुवर्षं सवयीचं आहे. नव्या माणसाला लोळवणारी मात्रा हिला नुसती पेंगवते. हिच्या गोळीतलंच औषध नीरेत होतं असं मला वाटतंय. पण कडू औषधं पुष्कळ असतात. क्विनीनही कडूच. नुसत्या चवीवर मी सोडा सुरू करू का? मला खात्री आणून द्या."

"आणि ती बायांना पलटत होती, तोंडात बोटं घालत होती, ते काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

उत्तर धाकलीने दिलं. "मला फेफरं आलं का वयनी तसंच करते. कुशीवर निजवते, तोंडातला फेस बोटानं काढते, नायतर दम कोंडतो. मी तेच केलं. दुसरं मला काय येतं?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "दोघी-तिघींना उलटी झालीय. उताण्या असत्या तर गुदमरल्या असत्या."

दाराबाहेर भाऊ उभा होता. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो पाठ फिरवून अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसला. तिथे भगत आणि पाड्यावरचे पुरुष आधीच आले होते. नजरा काही निवळल्या नव्हत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं ठरलंच की पुराव्याने भागत नाही. मी एक शिपाई दाराशी बसवला.

हवालदाराला जीपमध्ये विचारलं, "नीरेत चुना कशाला घालतात रे?"

"मडक्याला आतून फासतात, सायब. मंग ती फसफसत नाय, गोड राहते. ताडीच्या मडक्याला कोन फासतो? ती तर आंबायलाच पायजे." तंबाखू मळता मळता त्याचा अंगठा थांबला. माझ्या आणि त्याच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. बायांच्या नीरेत आणि पुरुषांच्या ताडीत फरक होता तो या चुन्याचा. आम्ही ताडीवाल्याच्या झोपडीवर गेलो.

ताडीवाला शेजारच्या पाड्यावर राही. ताडावर चढून चढून छातीला घट्टे पडलेले, बोलणं मऊ. आम्हाला बघून त्याची पाचावर धारण बसली. मी विचारलं, नीरा कोणी दिली? मीच. त्यात काय घातलं? काय नाय. मडकी कोणी धुतली? मीच. चुना कुठला? "इकत आनला, बाजारातून." कोणत्या दुकानातून? "आठवत नाय." पुढे तासभर तो ताकास तूर लागू देईना. शिपायाला वाटलं, साहेब आता हात उगारतील. पण हा माणूस विष घालणारा वाटत नव्हता. विष घालणारा तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलतो. हा परत परत झोपडीच्या कोपऱ्यातल्या एका पत्र्याच्या डब्याकडे बघत होता.

मी विचारणं बंद केलं. अंगणात बसकण मारली आणि म्हणालो, "चल, तंबाखू तरी खाऊ." हवालदाराने पिशवी काढली. "चुना संपलाय रे माझा. तुझा दे."

ताडीवाल्याने कमरेची छोटी डबी काढून पुढे केली.

"एवढ्याशा डबीतला कशाला? तो डबा भरलाय की." मी कोपऱ्याकडे हात केला.

"तो नको, सायब," तो पटकन बोलून गेला. "तो तंबाखूला चालत नाय. चढतच नाय. जीभ पन भाजत नाय त्यानं."

"मग कशाला चालतो?"

झोपडीच्या छपराला पालथी टांगलेली मडकी वाऱ्यावर हलत होती. त्यांच्या काठाला आतून पांढरं लागलेलं होतं. त्याने मडक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुना चोरलेला हाय, सायब," तो म्हणाला.

एवढंच होतं. पावसाळ्यात ताडाचं काम नसे, तेव्हा तो बोईसरच्या एका औषधी कारखान्यात हमाली करी. कारखान्याचं आंबट पाणी मारायला तिथे चुन्याची पोती पडलेली असत. घर सारवायला, मडक्याला फासायला सगळेच कामगार त्यातला मूठमूठ चुना नेत आणि वॉचमन काणाडोळा करी. घरातला चुना संपला तसा हा परवा पुन्हा गेला. पोत्यांच्या रांगेतच एक पुठ्ठ्याचं पिंप उघडं पडलं होतं, आत पांढरी भुकटी. पोत्यापेक्षा बारीक, स्वच्छ. याला वाटलं, भारी चुना दिसतो. डबा भरून घेतला. आम्ही चुन्याच्या चोरीसाठी आलो, आता तुरुंग, ताडाचा परवाना गेला, असं समजून तो तासभर जिवाच्या आकांताने ती मूठभर चोरी लपवत होता. त्या चोरीआड काय दडलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"तू स्वतः नाही प्यायलास नीरा?"

"मी कशाला पिऊ? नीरा बायापोरांची."

मी म्हणालो, "चुन्याचा खटला मी करणार नाही. माझ्यासोबत चल आणि ते पिंप दाखव." तो माणूस असा रडला की हवालदारानेही तोंड दुसरीकडे केलं. मडकी आणि डबा पंचांसमक्ष ताब्यात घेतला, लाखेने सील केला. एक चिमूट तेवढी पुडीत वेगळी बांधली.

कारखान्यातल्या साहेबांनी आधी सांगितलं की त्यांच्या इथून काडीही बाहेर जात नाही. तेवढ्यात मागच्या आवारात ताडीवाल्याने ते पिंप दाखवलं आणि वॉचमनची हाक आली, "साहब, ये तो रिजेक्ट माल है. चूना तो उधर है." पिंपावर अर्धवट फाटलेली चिठ्ठी होती. साहेबांच्या केमिस्टने पुडी पाहिली, एका बाटलीतलं काही त्यावर टाकून पाहिलं, आणि त्याचा रंग उडाला. फेफऱ्यावरच्या गोळ्यांसाठी बनणारं औषध. फिनोबार्बिटोन. ओल आली म्हणून बाद केलेलं, टाकून द्यायला काढलेलं.

फोनच्या एक्सचेंजमधून पालघर लागायला वेळ लागे. लागलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "तेच आहे, डॉक्टर. सोडा सुरू करा."

"केला," पलीकडून आवाज आला.

त्या संध्याकाळपासून बाया एक एक करून उठू लागल्या. उठणं तरी कसं? भरती येते तसं, हळूहळू, एकेक बोट हलत. कुणी उठून शेण मागितलं, भिंत राहिलीय म्हणून. हसणाऱ्या म्हातारीला स्वप्न पडलं होतं की ती ताडावर चढली आहे आणि वरून समुद्र दिसतोय. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिने मला विचारलं, "तो खरंच तेवढा असतो का, सायब?" मी म्हणालो, असतो. हवालदार म्हणाला, "दातिवऱ्याला ये, आजी, दाखवतो."

वहिनी मात्र उठली नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर घरधनीण शेवटी पिते, अशी तिथली रीत. मडक्याच्या तळाशी उरलं ते तिने प्यायलं होतं. भुकटीचा जाड थर तळाशीच बसलेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, ऊन चढलं, तरी तिचे डोळे मिटलेले. निंबाखाली कुजबूज वाढली. पुन्हा धाकलीचं नाव येऊ लागलं. बाकीच्या सोडल्या, भावजय धरून ठेवली, असं कुणीतरी म्हणालं. मी जाऊन चुन्याची, पिंपाची सगळी हकीकत सांगितली. ऐकून घेतली, पण मान कुणी हलवली नाही. कारखान्याची भुकटी त्यांनी पाहिली नव्हती. धाकलीला वाकलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा मी भगताला बाजूला नेलं. म्हणालो, "मी पोलीस, डॉक्टर परका. आमचं कोण ऐकणार? तुझं ऐकतील. ही बाई उठली तर ती तुझ्या देवाने उठवली असं तू खुशाल सांग. मी चकार शब्द बोलणार नाही. पण त्याच दमात हेही सांगायचं की धाकलीत काही नाही. कबूल?" त्याने मला निरखून पाहिलं. भगत मूर्ख नसतो, मूर्खाला कुणी भगत करत नाही. तो म्हणाला, "उठली तर."

दुपारी वॉर्डात सामसूम होती. पंखा कुरकुरत होता. खिडकीतून कुठून तरी कापसाचं एक पीस आत आलं आणि खाटांवरून तरंगत राहिलं. धाकली वहिनीच्या उशाशी बसली होती, तिच्या नखांतली वाळलेली माती काडीने काढत. भाऊ दाराच्या चौकटीत उभा. आत येत नव्हता, जातही नव्हता. मी बाकावर बसलो होतो आणि खरं सांगतो, मलाही त्या शांततेत गुंगी येत होती.

वहिनीच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले, वर गेले, पुन्हा मिटले. मग सावकाश उघडले आणि धाकलीवर थांबले. तिने ओठ ओले केले. नवऱ्याचं नाव नाही, पाणी नाही, मी कुठे आहे नाही. खोल विहिरीतून यावा तशा आवाजात ती म्हणाली, "गोळी घेतलीस का गं?"

धाकलीने मान हलवली. "नाय."

"मंग घे ना," वहिनी कुरकुरली. "रोज काय सांगाय लागतं?" आणि ती पुन्हा झोपली. या वेळची झोप साधी होती. तीत घोरणं होतं.

धाकलीने डॉक्टरांकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनीच गोळी थांबवली होती, नीरेतून पुरेशी पोचली म्हणून. ते म्हणाले, "आता घे." तिने पदराची गाठ सोडली. पाणी कुठे आहे म्हणून इकडे तिकडे बघू लागली, तर समोर पेला आलेला. तिच्या भावाने नळावरून भरून आणला होता. पेला काठोकाठ भरलेला, देता देता निम्मं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि पेला त्याला परत दिला.

बाहेर भगताने देवाचा जयजयकार केला आणि ठरलं होतं ते सगळं सांगितलं. शब्दाला जागला तो.

पुढे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला, त्यात तेच औषध निघालं. कारखान्यावर निष्काळजीपणाचा खटला झाला, दंड झाला, चुन्याच्या जागेला कुंपण आलं. वरिष्ठांनी तपास चांगला झाला असा शेरा मारला. त्यात धाकलीचा उल्लेख नव्हता, तो माझ्या परीने मी आज करतो आहे.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस मोठा गुन्हा लपवतोय असं समजून आपण त्याच्यावर तुटून पडतो, आणि बहुधा तो एखादी मूठभर लाज लपवत असतो. ती आधी सोडवावी, मग बाकीचं आपोआप सुटतं. दुसरी गोष्ट मला पटायला उशीर लागला. सगळे झोपलेले असताना एकटा जागा असलेला माणूस गुन्हेगारच असतो, असं मीही शिकलो होतो. सगळ्यांना एका कुशीवर वळवलंय हे मी पाहिलं होतं, का वळवलं हे मात्र तिला न विचारता मी डॉक्टरांना विचारलं.

आता मी रोज गोळी घेतो. ती जिभेवर ठेवली की मुळाशी कडू लागते आणि धाकली आठवते. माझी बायको स्वयंपाकघराचा दिवा मालवता मालवता विचारते, "गोळी घेतलीत का?" कितीदा तरी मी घेतलेली असते. तरी नाही म्हणतो, म्हणजे ती पाणी घेऊन येते.